बोगनवेलीचे खरे फूल

बोगनवेल तुम्ही पाहिली असेलच. शाळेच्या कुंपणावर नाहीतर कचेरीच्या फाटकावर ती चढलेली असते. फाल्गुन-चैत्रात इतर झाडं उघडीबोडकी दिसतात. ही मात्र जांभळी, गुलाबी, नारिंगी अशी रंगून जाते.

आता गंमत ऐका. जो रंग आपण पाहतो, ते फूल नव्हेच. ती पानं आहेत! शाळेतली आमची मुलंही हे आधी मानत नसत. एक झुबका तोडून हातावर घ्या. तीन रंगीत पानं दिसतील. त्यांवर पानासारख्या शिरा आहेत. मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते. नळीच्या टोकाला नखाहून लहान, पांढरट चांदणी उमलते. तेच खरं फूल. एवढंसं फूल फुलपाखराला दिसावं कसं? म्हणून शेजारची पानं रंगतात.

ही वेल मूळची ब्राझील देशातली. १७६६ साली बूगँव्हील नावाचा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात कोमेर्सां नावाचा झाडांचा जाणकार होता. १७६७ साली त्याला रिओ शहराजवळ ही वेल मिळाली. त्याने तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले. आपण त्याची बोगनवेल केली. कोमेर्सांच्या मदतीला झान बारे ही मजुराची मुलगी होती. जहाजावर बायकांना मज्जाव होता. म्हणून ती पुरुषाचा वेष करून गेली. पृथ्वीला फेरी घालणारी पहिली बाई तीच, असे मानतात.

वेल लावायची तर पावसाळ्याच्या तोंडी लावा. बोटाएवढी जाड, वीतभर जून फांदी घ्या. मुळे धरीपर्यंत पाणी द्या. पुढे हात आखडा. वेल फुलत नाही म्हणून लोक आणखी पाणी आणि खत घालतात. मग नुसता पाला माजतो. भरपूर ऊन आणि मुळाशी कमी ओल, एवढं मिळालं की ती फुलते. चैत्रात जिथे टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, तिथे हिच्यासाठी वेगळा हंडा भरावा लागत नाही. आम्हांला विचाराल तर जांभळी लावा, ती काटक.

बहर सरला की छाटणी करा. काटे असतात, तेव्हा हात जपा. छाटलेले फाटे वाटेवर टाकू नका. ते वाळले तरी पोरांच्या पायात मोडतात.