स्पीच थेरपीचं पदव्युत्तर शिक्षण : प्रवेश कसा मिळतो, तयारी कशी करायची?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली होती. बारा वर्षांपूर्वी ती माझ्या चौथीच्या वर्गात होती. आता बीएएसएलपीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे इंटर्नशिपला आहे. सोबत तिचे वडील होते. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. चहा होईपर्यंत ते गप्पच होते. मग म्हणाले, "बाई, चार वर्षं शिकवली हिला. आता म्हणते, अजून दोन वर्षं एमएस्सी करायचंय. एवढं करून डॉक्टर तर होणार नाही. मग कशाला?"

खरं सांगते, त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर तिच्याकडून, माहितीपत्रकं वाचून आणि दोन-तीन ठिकाणी फोन करून जे कळलं ते या लेखात मांडते आहे. आपल्या शाळेतून बारावीनंतर या क्षेत्राकडे जाणारी मुलं कमी असतात, कारण आपल्यालाच ते फारसं माहीत नसतं.

हे नेमकं काय काम आहे?

आपण सगळे "स्पीच थेरपिस्ट" म्हणतो. पदवीचं नाव मात्र 'ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी' असं आहे, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा विकारांचं शास्त्र. मला वाटायचं, तोतरं बोलणाऱ्या मुलांना नीट बोलायला शिकवतात ते हेच. पण कामाचा पसारा खूप मोठा आहे. उशिरा बोलणारी मुलं, कर्णबधिर मुलं, स्वमग्न मुलं, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं, अडखळत बोलणारे तरुण, पक्षाघातानंतर शब्द न सुचणारे आजोबा, आवाज बसलेल्या शिक्षिका (हो, आपणसुद्धा!) हे सगळे त्यात येतात. गिळण्याचा त्रासही यांच्याकडेच येतो. बोलायला आणि गिळायला जीभ, ओठ, घसा यांचे बरेचसे स्नायू तेच लागतात. पक्षाघात झालेल्या माणसाला पाणी पाजताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून काय, किती पातळ आणि कसं द्यायचं हेही हे तज्ज्ञ ठरवतात.

त्या दिवशी मी तिला माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल विचारलं. दुसरीत आहे. 'काका'ला 'ताता' म्हणतो, 'गाडी'ला 'दाडी', 'कावळा'ला 'तावळा'. मी जूनपासून त्याला रोज सगळ्यांसमोर उभं करून "क म्हण, क" असं म्हणायला लावत होते. ऑक्टोबरपर्यंत त्यानं वर्गात बोलणंच सोडलं. माझ्या हेतूत खोट नव्हती, पण चूक माझीच.

तिनं मला आधी विचारलं, "बाई, त्याच्या कानाची तपासणी झालीय का?" मग शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी 'क' कसा येतो, 'ख' आणि 'घ'चं काय होतं, बाकीचे आवाज कसे आहेत, असं एकेक विचारत गेली. म्हणाली, घशाकडचे आवाज पुढे दातांकडे आणणं हे लहान मुलांत असतंच, पण सात वर्षांच्या मुलात ते राहिलं असेल तर तपासून घ्यायला हवं. आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. तुम्ही स्वतः बरोबर शब्द वापरून उत्तर द्या, "हो, कावळा आला", एवढंच.

मग मी वर्गातल्या आणखी चार मुलांची नावं सांगितली, जी 'पाणी'ला 'पानी' आणि 'लोणी'ला 'लोनी' म्हणतात. ती हसली. "बाई, तो दोष नाही. त्यांच्या घरात तसंच बोलतात." बोलीतला फरक वेगळा आणि विकार वेगळा, हे या शिक्षणातलं अगदी पायाभूत तत्त्व आहे. ते कळत नसलेला माणूस निरोगी मुलाला रुग्ण ठरवू शकतो.

आधी पदवी, मगच पदव्युत्तर

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कोणतीही पदवी घेतली की स्पीच थेरपीत एमएस्सी करता येईल असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. आपलं डीएड झालंय, बाहेरून बीएही केलंय, मुलांचा अनुभव आहे, तर आपणच का करू नये, म्हणून मी एका महाविद्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, बीएएसएलपी झालंय का? नसेल तर नाही." भारतात वाचा-भाषा विकारशास्त्राच्या एमएस्सीला किंवा एमएएसएलपीला बीएएसएलपी किंवा त्याच्या बरोबरीची वाचा-श्रवण विषयाची पदवीच लागते. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, बीएड, विशेष शिक्षण यांतून थेट वाट नाही.

म्हणजे निर्णय खरा बारावीत होतो. बीएएसएलपीला विज्ञान शाखा हवी. महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत नीटच्या गुणांवर होतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. नीटमध्ये एमबीबीएसइतके गुण नाहीत म्हणून घरात सुतक पाळण्याआधी पालकांनी सीईटी कक्षाची ही यादी एकदा वाचावी. मात्र "काहीच मिळालं नाही म्हणून हे" अशा मनानं आलेलं मूल पहिल्या वर्षीच कंटाळतं, असं माझ्या विद्यार्थिनीचं निरीक्षण आहे.

डीएचएलएस नावाची एक वर्षाची पदविकाही आहे. ती बारावीनंतर करता येते, पण ती सहायकाच्या कामासाठी आहे. पदविका आणि पदवी एकच समजून फी भरू नका.

दुसरी गोष्ट मान्यतेची. भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्यानं स्थापन झाली. या क्षेत्रात काम करायला तिच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागतं, आणि मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमातून आलेल्याचं नाव तिथे लागत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचं नाव आहे का ते स्वतः पाहा. कार्यालयातल्या माणसाच्या तोंडी "मान्यता येणारच आहे" यावर विसंबू नका.

एमएस्सीला प्रवेश कुठे आणि कसा?

देशात या विषयातली सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिला सगळे 'आयश' म्हणतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती १९८३ पासूनची. शिवाय मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळतं. काही ठिकाणी वाचा आणि श्रवण मिळून एकच एमएएसएलपी असते, तर काही ठिकाणी एमएस्सी वाचा-भाषा विकारशास्त्र आणि एमएस्सी ऑडिओलॉजी अशा दोन वाटा असतात. पदवीला दोन्ही विषय शिकवतात, म्हणून तोपर्यंत निवडायची वेळ येत नाही. इथे मात्र निवडावं लागतं.

आयशची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्रात सीईटी कक्ष पदव्युत्तर फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सीईटीबरोबर या विषयाचीही सीईटी घेतो. अभिमत विद्यापीठांच्या प्रक्रिया वेगळ्या. किमान गुणांची अट आणि इंटर्नशिप कधीपर्यंत पूर्ण हवी ही तारीख, या दोन ओळी जाहिरातीत सगळ्यात आधी शोधा. इंटर्नशिप पंधरा दिवसांनी संपते म्हणून वर्ष गेलेली मुलं असतात.

तयारी

प्रवेश परीक्षेत प्रश्न पर्यायी असतात आणि पदवीच्या सगळ्या विषयांवर असतात. शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, बालभाषा, अडखळणं, आवाज, अफेजिया, श्रवण तपासणी, संख्याशास्त्र, सगळंच. पर्यायी प्रश्न म्हणजे सोपे, असं आपण दहावी-बारावीच्या पालकांना वाटू देतो. तिनं मला एक नमुना समजावून सांगितला. पक्षाघातानंतर रुग्ण भराभर बोलतो, पण त्याला अर्थ नसतो, दुसऱ्याचं बोलणं समजत नाही आणि ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणताही येत नाही. हा वर्निके अफेजिया. आता यातलं एकच बदला, त्याला वाक्य पुन्हा म्हणता येतं. उत्तर बदललं, हा ट्रान्सकॉर्टिकल सेन्सरी. समजतं, बोलतोही, फक्त पुन्हा म्हणता येत नाही, तर तो कंडक्शन अफेजिया. घोकून हे तक्त्यासारखं पाठ होतं, पण परीक्षेच्या घाईत तक्ता उलटासुलटा होतो. असे तीन रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेले असले तर मात्र विसरत नाही.

म्हणून तिनं दुसऱ्या वर्षापासून एक वही ठेवली आहे. नाव न लिहिता प्रत्येक रुग्णाचं एक पान. वय, घरची भाषा, तो नेमकं काय आणि कसं बोलला, मी काय करून पाहिलं, काय चाललं, काय फसलं. ती वही मी चाळली. आपल्या नोंदवह्यांत आपण "प्रगती समाधानकारक" लिहून मोकळे होतो, तसं त्यात कुठेही नव्हतं. मला जरा लाजच वाटली.

पदवीच्या मुलांना सगळ्यात नको असतं ते संख्याशास्त्र. पण एमएस्सीत प्रबंध लिहावा लागतो आणि तिथे ते टळत नाही. सहा महिने थेरपी दिली, मूल सुधारलं. ते थेरपीनं सुधारलं की सहा महिन्यांनी मोठं झालं म्हणून? हा प्रश्न कसा सोडवायचा ते संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकवतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं, कारण पुस्तकं सगळी इंग्रजी. तिलाही गेलं. पण दवाखान्यात उलटं झालं. मराठीत 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. दुनिया या अर्थाचा 'जग' आणि जगण्यातला 'जग' लिहिताना सारखे, उच्चारात वेगळे. 'बाळ'चं 'बाल' कोणत्या वयापर्यंत चालतं? हे ज्याच्या कानात आहे तो मराठी मुलाची तपासणी नीट करू शकतो. तिच्या वर्गातली शहरी मुलं खेड्यातून आलेल्या आजीचं बोलणं समजून घ्यायला हिलाच बोलवायची. तेव्हा गावचं मूल या क्षेत्रात मागे पडेल ही भीती पालकांनी सोडावी.

परदेशाबद्दल थोडं

काही मुलं अमेरिकेला जातात. तिथे काम करायला पदव्युत्तर पदवी ही सुरुवातच आहे, नुसत्या पदवीवर तज्ज्ञ होता येत नाही. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरालाही पायाभूत विषय पूर्ण करून तिथे प्रवेश मिळू शकतो, जे आपल्याकडे नाही. आशा या तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्यात २५ तास निरीक्षण आणि ३७५ तास रुग्णासोबत काम, आणि ४०० पैकी किमान ३२५ तास तिथल्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमात असतानाच व्हायला हवेत. म्हणजे इथल्या इंटर्नशिपच्या तासांवर तिथलं काम भागत नाही. पुढे प्रॅक्सिस परीक्षा, मार्गदर्शनाखाली काही महिने काम आणि त्या त्या राज्याचा परवाना. विचार असेल तर विषयवार अभ्यासक्रमाच्या प्रती आणि शिफारसपत्रं पदवी संपायच्या आत गोळा करा. प्राध्यापक बदलून गेले की सह्या मिळणं कठीण. कर्ज काढण्याआधी मात्र दहा वेळा हिशोब करा.

मग दोन वर्षं कशाला?

वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे बीएएसएलपी आणि परिषदेची नोंदणी असली की काम करता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, अशी पदं असतात, बहुधा कंत्राटी. विशेष शाळा, खाजगी दवाखाने आहेत. महाविद्यालयात शिकवायचं, संशोधन करायचं, पीएचडी करायची, तर एमएस्सी लागतेच. माझं मत विचाराल तर, घरची ओढाताण असेल तर आधी दोन वर्षं नोकरी करून मग एमएस्सी करण्यात काही कमीपणा नाही.

तिनं वडिलांना दिलेलं उत्तर मात्र वेगळं होतं. "अण्णा, इंटर्नशिपला एक काका यायचे. पक्षाघात झालेले. त्यांना बायकोचं नाव सुचायचं नाही, नुसतं हाताकडे बघून रडायचे. मला जेवढं येत होतं तेवढं मी तीन महिन्यांत करून संपवलं. पुढचं मला येत नव्हतं."

अण्णा काही बोलले नाहीत. जाताना दारात चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, "बाई, फॉर्म कधी निघतात?"

तिनं आता दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरायचं ठरवलंय. आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी त्याच्या आईसोबत डीईआयसीला पाठवलं. कान चांगले आहेत. दर पंधरा दिवसांनी थेरपीला जातो, एसटीनं दीड तास. अजून 'तावळा'च म्हणतो, पण गेल्या आठवड्यात परिपाठाला स्वतःहून हात वर केला.