म्हशींची पारख : शिंगांचा पुरावा आणि गुणसूत्रांचा पुरावा

जनावराची जात ठरविताना शिंगे, कपाळ, रंग व अंगाची ठेवण पाहण्याची आपली रीत जुनी आहे. पेशींतील गुणसूत्रे मोजता येऊ लागल्यापासून या पारखीस दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाली. हे दोन पुरावे नेहमी एकच उत्तर देतात असे मात्र नाही. पैदाशीच्या दृष्टीने ही गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे.

शिंगांवरून होणारी फसगत

पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, खांद्यापलीकडे गेलेली असतात. मुऱ्हा म्हशीची आखूड व घट्ट वेटोळी असतात. नुसत्या शिंगांवरून पाहता या दोहोंचे नाते दूरचे वाटेल. परंतु दोन्ही नदीय प्रकारच्या असून दोहोंची गुणसूत्रे ५० च आहेत. उलटपक्षी, आसाम, मणिपूर व आग्नेय आशियातील दलदली म्हशीची शिंगे चंद्रकोरीसारखी मागे वळलेली असतात. ती मुख्यतः ओढकामाची असून दूध थोडे देते. लांब शिंगांमुळे ती पंढरपुरीची जवळची वाटणे शक्य आहे. पण तिची गुणसूत्रे ४८ असतात. नदीय म्हशीतील चौथे व नववे गुणसूत्र दलदली म्हशीत एकमेकांस जोडले गेले आहे, म्हणून हा आकडा कमी भरतो. बहुतेक शास्त्रज्ञ या दोहोंना एकाच प्रजातीचे दोन उपप्रकार मानतात.

पैदाशीवर होणारा परिणाम

या दोहोंचा संकर केल्यास पारडास ४९ गुणसूत्रे मिळतात. असे जनावर दिसण्यास धडधाकट असते व त्यास संततीही होते. तथापि त्याच्या बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी काही वेळा विषम होते. अशा बीजापासून धरलेला गर्भ टिकत नाही, म्हैस उलटते व भाकड काळ वाढतो. हा दोष बाहेरून कितीही निरखले तरी दिसत नाही.

तपासणीसाठी जनावराचे थोडे रक्त घेतात. त्यातील पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांस रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात.

दोहोंचे स्थान

गुणसूत्रांची संख्या दूध किती मिळेल हे सांगत नाही, अथवा पंढरपुरी व मुऱ्हा यांतील भेदही दाखवीत नाही. त्यासाठी जातीची बाह्य लक्षणे व आईच्या दुधाची नोंद हीच पाहावी लागते.

महाराष्ट्रातील पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या जाती नदीय प्रकारच्याच असल्याने त्यांच्या आपसांतील पैदाशीत ही अडचण येत नाही. परप्रांतातून रेडा आणावयाचा असल्यास मात्र त्याचे मूळ ठिकाण विचारावे व गुणसूत्र तपासणीचा दाखला पाहावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस तपासलेल्या रेड्याच्या रेताने कृत्रिम रेतन करून घेण्याचा सल्ला द्यावा, आणि वारंवार उलटणाऱ्या म्हशीची नोंद ठेवून ती पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी.