रातोरात जिल्हा बदललेली मिरची

समजा, खान्देशातल्या बाजार समित्यांच्या जुन्या हिशेबपट्ट्या कोणी संगणकात भरल्या आणि विचारलं, धुळे जिल्ह्यातल्या मिरचीचं काय झालं? आलेखाची रेघ 1 जुलै 1998 ला दरड कोसळावी तशी खाली येईल. ना दुष्काळ, ना रोग. त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी आणि खुद्द नंदुरबार असे सहा तालुके गेले, त्यांच्याबरोबर मिरचीही. झाड जागचं हललं नाही!

असल्या कोड्यांवरचा तोडगा म्हणजे स्टार स्कीमा. राल्फ किंबॉल यांच्या 1996 च्या पुस्तकाने ही मांडणी रुळवली. पट्टी हातात घ्या. वजन, रक्कम, हमाली, तोलाई हे आकडे मधल्या तक्त्यात जातात. तो फॅक्ट टेबल. तारीख, शेतकरी, गाव, माल, आडत्या यांचे तक्ते भोवती, ती डायमेन्शन्स. मध्ये त्यांचे नुसते क्रमांक. कागदावर काढलं की चांदणी दिसते.

पण आधी ठरवायचं, एक ओळ म्हणजे काय? एक पट्टी, की दिवसभराची आवक? याला ग्रेन म्हणतात, म्हणजे दाणा. बाजार समितीत याहून चपखल शब्द कुठला मिळणार? दाणा बारीकच ठेवावा. पट्ट्यांवरून दिवसाची आवक निघते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

मांडणी जमली का, हे मी भावावरून तपासतो. समजा 10 क्विंटल मिरची 3,000 ने गेली, 90 क्विंटल 2,000 ने. दोन भावांची सरासरी 2,500. प्रत्यक्षात क्विंटलला पडले 2,100. भावांची बेरीज करायची नसते. रक्कम आणि वजन साठवायचं, भागाकार शेवटी.

आणि नंदुरबार? जळगावकडे एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, तसं नुसतं नाव बदललं तर जुन्यावर नवं लिहून भागतं. इथे नाही भागत. गावाची जुनी ओळ ‘धुळे, 30 जून 1998 पर्यंत’ म्हणून तशीच ठेवायची; खाली नव्या क्रमांकाची ओळ, ‘नंदुरबार, 1 जुलैपासून’. जुन्या पट्ट्या पहिलीला जोडलेल्या, नव्या दुसरीला. गावाची कायमची खूण मात्र दोन्हींत एकच. आता तेव्हाचा अखंड धुळे जिल्हा मागा, मिळतो. नंदुरबार जिल्ह्याची 1997 सालची मिरची मागा, तीही मिळते, जिल्हा जन्मायच्या आधीची.