बायरच्या जमिनीवरच्या दोन बागा

माजिवड्याहून कापूरबावडी ओलांडून कोलशेत रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात ठाण्याचं सेंट्रल पार्क येतं. साडेवीस एकरांची ही बाग 2024 च्या फेब्रुवारीत लोकांसाठी खुली झाली. रविवारी संध्याकाळी बालवाड्या रिकाम्या झाल्यासारखी पोरं इथे धावत असतात. मधे तळं आहे, स्केटिंगची जागा आहे. एका अंगाला मुघल धर्तीची बाग, मग चिनी, मोरोक्कन आणि जपानी. फोटो काढायला माणसं डोंबिवली-कल्याणहूनही येतात.

बागेभोवती आता उंच इमारती आहेत. त्या उभ्या राहण्याआधी हा शंभरहून अधिक एकरांचा परिसर एका कारखान्याचा होता. फाटकावर नाव होतं बायर. 1863 साली जर्मनीतल्या बार्मेन गावात रंग बनवण्यापासून सुरू झालेली, पुढे अ‍ॅस्पिरिनमुळे जगभर पोचलेली तीच बायर. 1958 साली तिने भारतात कंपनी नोंदवली आणि ठाण्यातल्या कारखान्यात कीडनाशकं आणि रबर उद्योगाला लागणारी रसायनं बनवली. म्हणजे आज जिथे जपानी बागेत सेल्फी निघतात, त्या टापूत दोन-तीन पिढ्यांनी पाळ्या केल्या.

आता इथून थेट ऱ्हाईन नदीकाठच्या लेव्हरकुसेनला चला. कोलोनच्या शेजारचं हे शहर कंपनीभोवतीच वाढलं. 1891 मध्ये बायरने इथे कार्ल लेव्हरकुस या रंग-उत्पादकाची जमीन घेतली, 1912 मध्ये मुख्यालय आणलं, आणि 1930 साली आजूबाजूची गावं एकत्र करून जे शहर झालं त्याला त्या लेव्हरकुसचंच नाव मिळालं. कंपनीने कामगारांसाठी घरं, ग्रंथालय, नाट्यगृह बांधलं. फुटबॉलचा संघ 1904 साली निघाला आणि आजही जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत खेळतो. रात्री शहरावर बायरचं वर्तुळातलं चिन्ह दिव्यांनी पेटतं. त्याचा व्यास 51 मीटर आहे. 1933 साली लावलेलं पहिलं चिन्ह तर 72 मीटरचं होतं, कारखान्याच्या दोन धुराड्यांच्या मधे टांगलेलं!

या लेव्हरकुसेनमध्ये कारखान्याला लागून एक जपानी बाग आहे. कंपनीचे प्रमुख कार्ल डुइसबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती करवून घेतली. लाल पूल, तळं, दगडी दिवे, मेपलची झाडं. बघायला पैसे पडत नाहीत. या बागेबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अवाक झालो. एकच कंपनी, दोन खंड, दोन्हीकडे जपानी बाग, आणि दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. डुइसबर्ग यांनी ती हौसेने केली. ठाण्यातली बाग कारखाना गेल्यावर, त्याची जमीन घेणाऱ्या कल्पतरू या बांधकाम कंपनीने महापालिकेसाठी केली.

लेव्हरकुसेनमधली दुसरी बाग मात्र त्याहून थक्क करणारी आहे. तिचं नाव नॉयलांडपार्क, म्हणजे नव्या भूमीचं उद्यान. ते उभं आहे ड्युनआऊ नावाच्या कचराभूमीवर. 1920 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत कारखान्याचा रासायनिक कचरा आणि शहराचा कचरा इथे टाकला गेला. पन्नासच्या दशकात तर त्यावर घरं बांधली, शाळा काढली. जमिनीत काय आहे ते पुढे उमगलं, तेव्हा शेकडो रहिवाशांना तिथून हलवावं लागलं.

मग प्रश्न आला की या मातीचं करायचं काय. इतका कचरा उचलून नेणार कुठे? उत्तर असं निघालं की तो हलवायचाच नाही, जागीच बंदिस्त करायचा. नदीच्या बाजूने जमिनीत खोलवर भिंत उतरवली, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं पाणी ऱ्हाईनला मिळणार नाही. भिंतीच्या आतल्या अंगाला विहिरी खणल्या. त्या दूषित भूजल उपसतात आणि ते शुद्धीकरणाला जातं. वरून गोधडीसारखे थरावर थर घातले: आधी सपाटीकरण, मग पाणी अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर पावसाचं पाणी बाजूला नेणारा थर, आणि सगळ्यात वर ताजी माती. पाऊस कचऱ्यापर्यंत पोचलाच नाही तर विष खाली सरकणार कसं? एवढं साधं तत्त्व आहे. मोठी झाडं कुठे लावायची याचाही हिशोब करावा लागतो, कारण मुळांनी पडदा फाडला तर सगळं मुसळ केरात. 2005 साली याच जागेवर तिथल्या राज्याचं उद्यान-प्रदर्शन भरलं आणि मग ते कायमचं पार्क झालं. मुलं खेळतात त्या हिरवळीखाली पंप चालूच असतात, आणि ते चालू ठेवावेच लागणार आहेत.

आता परत ठाण्याकडे. इथे कारखाने आले कशासाठी, हे माजिवडा नाक्यावर उभं राहिलं की अजून दिसतं. मुंबईकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा नाशिक-आग्र्याकडे, दुसरा घोडबंदरकडे. मागे खाडी, जवळ रेल्वे, आणि आगरी-कोळ्यांच्या गावांची सपाट भातखाचरं. मुंबईत जागा संपत आली तसे उद्योग इकडे सरकले. जेके ग्राममधली लोकरीची गिरणी तर 1925 ची. 1944 पासून ती सिंघानियांची, म्हणजे रेमंड. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. औषधं, चॉकलेट, वातानुकूलन यंत्रं, रंग, ओतकाम, सगळं काही सात-आठ किलोमीटरच्या पट्ट्यात.

हे कारखाने गेले कसे, ते थोडक्यात सांगतो. जमिनीची किंमत मालाच्या नफ्याहून कितीतरी मोठी झाली. 2007 च्या अखेरीस महाराष्ट्राने नागरी कमाल जमीनधारणा कायदा रद्द केला आणि मोकळ्या जमिनींवरची एक मोठी बेडी सुटली. बायरमधूनच वेगळ्या झालेल्या लँक्सेसने रबर-रसायनांचं काम गुजरातेत झगडियाला नेलं. बायरचं कार्यालय मात्र ठाण्यातच, हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. शेजारी सँडोझ होती, जी पुढे क्लॅरियंट झाली. तिच्या जमिनीवर आता लोढांची अमारा वसाहत आहे. यंत्रं भंगारात गेली. राहिली ती थांब्यांची नावं: सँडोझबाग, गोल्डन डाइज नाका, नितीन कंपनी, कॅडबरी. मेट्रो 4 च्या नकाशावरही माजिवड्याच्या आधीचं स्थानक कॅडबरी जंक्शनच आहे.

लेव्हरकुसेनहून उत्तरेला तासाभरावर डुइसबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या लोकांनी जे केलं त्याची मला मनापासून असूया वाटते. तिथल्या मायडरिश भागातला लोखंडाचा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. पाडायचा खर्च अफाट होता आणि लोकांचा विरोधही होता. जागेचं काय करावं यासाठी स्पर्धा भरली, आणि पेटर लात्स या उद्यानरचनाकाराने सुचवलं की काहीच पाडू नका. 1994 मध्ये तो कारखाना जसाच्या तसा उद्यान म्हणून खुला झाला. आज तुम्ही झोतभट्टीच्या माथ्यावर पायऱ्यांनी चढता. खनिजाच्या कोठारांच्या काँक्रीट भिंतींवर गिर्यारोहणाचे क्लब सराव करतात. वायू साठवायची टाकी, 45 मीटर रुंद आणि 13 मीटर खोल, दोन कोटींहून अधिक लिटर पाण्याने भरली आहे आणि तिच्यात लोक पाण्याखाली पोहण्याचं शिक्षण घेतात. तळाशी बघायला एक गाडी नि एक होडी बुडवून ठेवली आहे. सांडपाण्याने भरून वाहणारी एम्शर नदी इथे बंद नळात घातली, आणि तिच्या जुन्या पात्रात छपरांवरचं पावसाचं पाणी सोडलं. एका जुन्या मनोऱ्यावरची पवनचक्की ते पाणी उचलते, हवेत खेळवते आणि परत सोडते. खनिजाबरोबर जहाजातून परदेशी बिया आल्या होत्या. त्या रुजल्या, आणि त्या झुडपांनाही तिथे मान आहे.

जवळच्या एसेनमधली त्सोलफेराइन कोळसा खाण 1986 ला बंद झाली आणि 2001 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, ताजमहाल आणि वेरूळच्या पंक्तीला. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर प्रांताचं संग्रहालय आहे.

ठाण्याला असं जमलं नाही, कारण इथली जमीन डुइसबर्गसारखी बेवारस कधीच पडली नाही. तिला गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. रूरमध्ये माणसं शहर सोडून जात होती, इथे लाखो येत होती आणि त्यांना घरं हवी होती. हे मान्य करूनही वाटतं, सेंट्रल पार्कच्या चार संकल्पनांत पाचवी कोलशेतची का नसावी? एखादी साधी रसायनांची भट्टी, एक पाइपलाइनचा तुकडा, पाळीचा भोंगा, एक मोठा नकाशा: इथे काय बनायचं, कुठून कच्चा माल यायचा, तयार माल कुठे जायचा. मोरोक्कोपेक्षा ते पोरांना जास्त नवलाचं वाटेल अशी माझी खात्री आहे.

आणि त्सोलफेराइनमध्ये पाहुण्यांना फिरवणाऱ्यांत त्या खाणीत उतरलेली माणसंही आहेत. कुठल्या पट्ट्यावर दगड निवडले जायचे, कान कसे बधिर व्हायचे, हे ती सांगतात. ठाण्यातही अशी माणसं आहेत. श्रीरंगमध्ये, वृंदावनात, लोकमान्य नगरात, सावरकर नगरात, माजिवडे गावातच. कोणी बॉयलरवर होतं, कोणी प्रयोगशाळेत, कोणी कँटीनमध्ये. बरेच जण सत्तरीपुढचे आहेत, संध्याकाळी याच बागेत फिरायला येतात. महापालिकेने महिन्यातला एक रविवार त्यांच्या हाती द्यावा, बागेच्या फाटकापासून सँडोझबागेपर्यंत आणि तिथून गोल्डन डाइज नाक्यापर्यंत. चालून तास-दीड तास पुरेल, पावसाळ्यात जरा जास्त.