वीस पिल्ले, तीस फूट जागा, तीन पोती खाद्य

"पिल्लं स्वस्त मिळाली म्हणून पन्नास आणली," असे सांगणारे घर तुमच्याही गावात असेल. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरी विचारा. काही गारठ्याने गेली, काही मानमोडीने, दोन-चार मुंगसाने नेली. उरलेल्यांना खाद्य पुरेना म्हणून मिळेल त्या भावात विकली. बचत गटाचा हप्ता तेवढा मागे राहिला. मंडळी, यात कोंबडीचा दोष नाही. दोष आहे न केलेल्या हिशोबाचा. आणि तो पिल्ले आणण्याआधीच करायचा असतो.

आधी जागा मोजा

दिवसभर परसात चरणाऱ्या कोंबडीला रात्रीच्या निवाऱ्यासाठी दीड चौरस फूट जागा पुरते. म्हणजे २० कोंबड्यांना ३० चौरस फूट : सहा बाय पाचचे खुराडे. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. जमीन फूटभर उंच घ्या, पावसाचे पाणी शिरता कामा नये. जुने पत्रे, बांबू, घरचे लाकूड चालेल. मात्र जाळीत काटकसर नको. मुंगूस आणि रानमांजर बोटभर फटीचाही फायदा घेतात. खाली भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले पसरा, बसायला आडव्या दांड्या बांधा. पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक टोपली पुरे.

पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे ऊब लागते. तीन फूट व्यासाचे पत्र्याचे कडे आणि ६० वॅटचा दिवा २० पिल्लांना पुरतो. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी आहे, कडेला पळाली तर जास्त. रात्री वीज गेली तर काय, याची सोय आधीच करून ठेवा.

खर्च किलोत मांडा

खाद्याचा भाव आज एक, उद्या दुसरा. म्हणून आकडा किलोत धरा आणि त्या दिवसाच्या भावाने गुणा. पहिल्या दोन महिन्यांत पिल्लामागे दोन किलो, म्हणजे ४० किलो. पुढे कोंबड्या परसात चरतात, किडे-मुंग्या, सांडलेले धान्य टिपतात. तरी प्रत्येकीला रोज ५० ग्रॅम द्यावेच लागते. वीस जणींचे रोज एक किलो. चार महिन्यांचे १२० किलो. एकूण १६० किलो. नर कोंबडे चौथ्या महिन्याअखेर विकले तर ५० किलोच्या तीन पोत्यांत भागते.

आता खरी मेख. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातीही पहिले अंडे साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी देतात. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. तेव्हा कर्ज काढताना पिल्लांची किंमत धरू नका, सहा महिन्यांचे खाद्य आणि हप्ते धरा. तेवढी तजवीज नसेल तर वीसऐवजी दहाच आणा. कमीपणा नाही त्यात.

येणार किती?

वीसमधली दोन जातील असे समजा. उरलेल्यांत निम्मे नर. राहिल्या नऊ तलंगा. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, सुधारित जात परसात शंभरच्या वर जाते. म्हणजे घरात दिवसाला अडीच-तीन अंडी. लेकरांच्या ताटात आधी, बाजारात नंतर. सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. म्हणून एक-दोन गावठी कोंबड्या सोबत ठेवा. त्या २१ दिवसांत पिल्ले काढून देतात.

लस पाच घरांनी मिळून

मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात द्यावी लागते. लसीच्या बाटलीत निदान शंभर पिल्लांची मात्रा असते आणि फोडल्यावर ती लगेच संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी बाटली फोडणे जिवावर येते, म्हणून लोक टाळतात आणि तिथेच फसतात. त्यापेक्षा आळीतल्या पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावीत. एका बाटलीत काम होते.

एकदम कोंबड्या मरू लागल्या तर उकिरड्यावर फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही गेल्या होत्या.

तर आज संध्याकाळी परसात जा, पावलांनी जागा मोजा आणि पाटीवर तीन पोत्यांचा हिशोब मांडा. तो जमला की मग पिल्लांची चौकशी करा.