ब्रेकवाल्याच्या भरवशावर

आपल्याकडे मनोरंजन उद्यानात आजी-आजोबांचं काम ठरलेलं असतं. नातवंडं पाळण्यात बसतात, मुलगा-सून फोटो काढतात आणि आपण बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या सांभाळायच्या. त्यामुळे कोपनहेगनला मुलाकडे गेल्यावर सूनबाई जेव्हा म्हणाली, "आई, उद्या तुम्ही आणि बाबा दोघंच तिवोलीला जाऊन या," तेव्हा मी तिला विचारलं, "अगं, आम्ही दोघं तिथे जाऊन करणार काय?" ती नुसती हसली आणि मोबाइलवर तिकिटं काढून मोकळी झाली.

तिवोली गावाबाहेर, हायवेच्या कडेला वगैरे नाही. कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच त्याचं आवार. पलीकडच्या अंगाला रस्ता ओलांडला की नगरपालिकेची लालविटी इमारत. शहराच्या अगदी पोटात ही बाग आहे आणि तिथेच ती 1843 सालापासून आहे. उघडली तो दिवस 15 ऑगस्ट. ही तारीख ऐकून ह्यांची मान उगाचच ताठ झाली.

तेव्हा मात्र ही जागा वेशीबाहेरची होती. शहराला तटबंदी होती, तटाभोवती खंदक होता आणि पश्चिम वेशीबाहेरचा हा पट्टा लष्कराच्या ताब्यात होता. गेऑर्ग कार्स्टेन्सन नावाच्या तरुणाने राजा आठवा क्रिश्चन याच्याकडून पाच वर्षांचा परवाना मिळवला. लोक करमणुकीत दंग असले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असं सांगून त्याने राजाला पटवलं, अशी गोष्ट डेन्मार्कमध्ये सगळे सांगतात. जागा लष्करी, म्हणून पक्कं बांधकाम करायला बंदी. सगळं लाकडी आणि वेळ पडली तर मोडता येईल असं. आज बागेतल्या तळ्यावर बदकं फिरतात, ते तळं म्हणजे त्या जुन्या खंदकाचा उरलेला तुकडा. कार्स्टेन्सनचं पुढे संचालकांशी बिनसलं आणि त्याला बाहेर पडावं लागलं. नंतर तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या 1853 च्या प्रदर्शनासाठी काचेचा महाल उभारण्यात त्याचा हात लागला.

तिकिटाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आत शिरण्याचे पैसे वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे. पाळण्यात बसायचंच नसेल तर नुसत्या प्रवेशावर दिवसभर हिंडा, संगीत ऐका, बागेत पसरा. म्हणूनच की काय, तिथे आमच्या वयाची जोडपी भरपूर दिसली. वर्षाचा पास काढलेली, बाकावर बसून बिअर पिणारी, गुलाबाच्या ताटव्यांपाशी रेंगाळणारी. कुणाच्याही कडेवर नातू नव्हता. स्वतःचं खाणं आत नेता येतं, हे सूनबाईनं आधीच सांगितलं होतं. आम्ही तळ्याकाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. शेजारच्या डॅनिश आजी माशाचा तुकडा ठेवलेला काळा पाव सुरीकाट्यानं खात होत्या. त्यांनी आमच्याकडे बघून मान डोलावली, आम्हीही डोलावली.

आता मुख्य गोष्ट. ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. गाडी कुठलीही असो, ह्यांची नजर आधी चाकांकडे जाते. तिवोलीत 80 मीटर उंचीचा साखळ्यांचा झोका आहे, 2004 साली आलेला 'डेमोनेन' नावाचा उलटापालटा करणारा रोलर कोस्टर आहे. ह्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थांबले 1914 सालच्या लाकडी रुत्शेबानेनपाशी. डोंगराचा देखावा केलेला, त्यातून बोगदे काढलेले, आणि गाडीवर चक्क एक माणूस ब्रेक धरून बसलेला.

एरवी रोलर कोस्टरला रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही चाकं असतात. खालची चाकं रूळ घट्ट धरतात, म्हणून गाडी कितीही जोरात गेली तरी वर उचलली जात नाही. ही गाडी त्या सोयीच्या आधीची. खालून धरणारी चाकं हिला नाहीतच. ती रुळावर टिकते ती स्वतःच्या वजनानं. चढावरून जास्त वेगात गेली तर उडेल. म्हणून वेग किती ठेवायचा, हे यंत्र ठरवत नाही, तो ब्रेकवाला ठरवतो. गाडी एकदा वर ओढून नेली की पुढचं सगळं उतारावर आणि त्याच्या हातावर.

आम्ही कठड्याशी उभे राहून कितीतरी फेऱ्या बघितल्या. विशी-बाविशीचा मुलगा. एक हात दांडक्यावर, तोंडानं मागच्या पोरींशी गप्पा. पण उताराच्या अलीकडे त्याचा हात बरोबर मागे यायचा. "बघ, बघ," हे म्हणाले, "वळणात शिरायच्या आधी दाबतोय, वळणात नाही. पोराला कळतंय." ह्यांच्याकडून एवढं सर्टिफिकेट मिळवायला डेपोतले ड्रायव्हर वर्षानुवर्षं झुरले असतील. मग आम्ही बसलो. पहिल्या उताराला मी जी किंचाळले, ती लग्नानंतर प्रथमच इतक्या मोकळ्या गळ्यानं. हे ओरडले नाहीत. ते सबंध वेळ ब्रेकवाल्याचा हात बघत होते.

संध्याकाळी मूकनाट्य बघितलं. त्याचं थिएटर 1874 सालचं, चिनी धाटणीचं, आणि त्याचा पडदा म्हणजे पिसारा फुलवलेला मोर. खेळ सुरू व्हायची वेळ झाली की पिसारा मिटत मिटत खाली जातो आणि रंगमंच उघडतो. आतली माणसं हे सगळं हातानं चालवतात. प्रेक्षक उघड्यावर उभे. पांढऱ्या तोंडाचा वेंधळा पिएरो, चलाख हार्लेक्विन आणि त्याची कोलंबिना. संवाद नाहीतच, तेव्हा डॅनिश येत नसल्याचं काही अडलं नाही. जत्रेतल्या तमाशातला सोंगाड्या जसा अंगानं हसवतो, तसाच हा पिएरो.

अंधारलं तसे दिवे लागले. झगमगाट नव्हे, पिवळट मऊ उजेड. यामागे एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना रात्री दिवे झाकण्याची सक्ती होती. तेव्हा तिवोलीचे वास्तुरचनाकार पॉल हेनिंग्सन यांनी असा दिवा केला, की उजेड खाली पडेल पण विमानातून दिसणार नाही. बाग रात्रीही चालू राहिली. लोकांचा धीर खच्ची करायला 1944 च्या जूनमध्ये नाझींच्या हस्तकांनी तिथे स्फोट घडवले, संगीतगृह जळालं. काही आठवड्यांत तंबू ठोकून बाग पुन्हा उघडली. याच बागेत वॉल्ट डिस्ने 1951 साली टिपणं घेत हिंडला होता, असं त्याच्या सोबत्याने पुढे सांगितलं. चार वर्षांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं.

कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. दिवे बघायचे असतील तर जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. आम्ही गेलो तसं ऑगस्टअखेर जा, आणि दुपारी चारच्या सुमारास शिरा. आणि आधी प्रवेशाचंच तिकीट घ्या, पाळण्यांचं आत जाऊन ठरवा.

मला हेवा वाटला तो मात्र पाळण्यांचा नाही, जागेचा. पाच वर्षांच्या बोलीवर दिलेली जमीन, तट पडला, शहर चारी बाजूंनी वाढलं, समोर स्टेशन आलं, आणि 180 वर्षांनंतरही ती बागच आहे. मुंबईत सीएसएमटीसमोर एवढा भूखंड मोकळा असता, तर तिथे काय उभं राहिलं असतं? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "पहिल्यांदा पार्किंग. मग मॉल. आणि मॉलमध्ये पाचव्या मजल्यावर मुलांसाठी गेम झोन." आणि आपल्यासाठी? त्यावर ह्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.