आपांच्या घरचे ईदचे डबे

आमच्या गल्लीतले गटार दोन वर्षांत दोनदा बांधले गेले आणि दोन्ही पावसाळ्यांत पाणी शेवटच्या चार घरांत शिरले. दुसऱ्या वेळी तर तांदळाचे पोते भिजले, मुलांची दप्तरे भिजली आणि एका वृद्ध खालांना रात्र शेजारच्या माडीवर काढावी लागली. सकाळी गल्लीत एकच चर्चा होती. कंत्राट नगरसेविका आपांच्या दिरालाच दिले आहे, मग काम नीट होणार कसे?

ही गोष्ट आम्ही तीन ठिकाणी ऐकली आणि खरे सांगायचे तर दोन ठिकाणी स्वतः सांगितली. पाहिले मात्र कोणीच नव्हते. एके रात्री घरात विषय निघाला तेव्हा अब्बांनी विचारले, “तुम्ही कागद पाहिलात का? खरे असेल तर तक्रार करा. खोटे असेल तर ही तोहमत आहे आणि तिचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागेल.” आम्ही गप्प झालो. मग कागद पाहायचे ठरवले.

वाचक बंधू-भगिनींनो, लोकप्रतिनिधीचे कोणते कागद आपल्याला पाहता येतात हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. पहिला कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र. 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. तो निकाल संसद आणि विधानसभेच्या निवडणुकांबाबत होता. पुढे राज्य निवडणूक आयोगाने महापालिका आणि नगरपरिषदांच्या उमेदवारांकडूनही शपथपत्रे घ्यायला सुरुवात केली. पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या नावावर काय आहे, तेही त्यात लिहावे लागते.

दुसरी गोष्ट कंत्राटाची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 10 नुसार, ज्याचा महापालिकेच्या कंत्राटात स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा आहे, तो नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत, पण मूळ नियम स्पष्ट आहे. मुंबईसाठी 1888 च्या कायद्यात आणि नगरपरिषदांसाठी 1965 च्या कायद्यात कलम 16 मध्ये अशीच तरतूद आहे. म्हणजे देणारा आणि घेणारा हात एकच असू नये, हे कायद्यानेही मान्य केले आहे. पण हिस्सा आहे की नाही हे कळणार कसे? त्यासाठी शपथपत्र आणि कंत्राटाचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आम्ही साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. आम्ही चार गोष्टी मागितल्या : गटाराच्या कामाचा कार्यादेश, कंत्राटदाराचे नोंदणीपत्र आणि भागीदारांची नावे, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दिलेल्या बिलांची यादी. 30 दिवसांत उत्तर आले नाही. मग 20 रुपये भरून पहिले अपील केले. तेव्हा निरोप आला की प्रती घेऊन जा, दर पानाला 2 रुपये.

मधल्या काळात मोहल्ल्यात बोलणी सुरू झाली. एक चाचा रस्त्यात थांबवून म्हणाले, “इतक्या वर्षांनी आपला माणूस पालिकेत गेला आहे. तुम्हीच त्याच्या मागे लागलात तर बाहेरचे काय म्हणतील?” हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस टोचत राहिला. आपल्या माणसाला हिशोब विचारणे म्हणजे त्याच्याशी दुश्मनी, असे आपण मनोमन धरून बसलो आहोत.

कागद हाती आले. कंत्राटदार फर्मच्या भागीदारांत आपांच्या दिराचे नाव नव्हते. ते भागीदार आपांच्या नात्यातही नव्हते. मोजमाप पुस्तिका एका ओळखीच्या निवृत्त ओव्हरसियरना दाखवली. त्यांनी जागेवर येऊन पाहिले आणि दाखवून दिले की गटाराचा उतारच उलटा पडला आहे. तपासणी न करता बिल मंजूर झाले होते. म्हणजे दोष होता, पण आम्ही ज्याच्या माथी मारत होतो त्याचा नव्हता. त्या दिवशी आम्हाला घरच्यांसमोर मान वर करता आली नाही.

आम्ही प्रती घेऊन आपांकडे गेलो, जे बोललो होतो ते सांगितले आणि माफी मागितली. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही निदान विचारले तरी. बाकीचे नुसते बोलतात.” कपाटाकडे बोट दाखवून त्या पुढे म्हणाल्या, “पण एक सांगू? ईदला घरी सुक्यामेव्याचे डबे येतात. काही नात्यातले असतात, काही कंत्राटदारांचे. कोणाच्या मनात काय आहे, मला कसे कळणार?”

इथेच आपल्या व्यवस्थेतली मोठी फट आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासाठी नगरसेवक हा लोकसेवकच आहे. ज्याचे काम आपल्याकडे अडले आहे त्याच्याकडून मौल्यवान वस्तू घेणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. पण आलेली भेट नोंदवून लोकांसमोर ठेवण्याची सक्ती आपल्या महापालिका कायद्यात नाही. शपथपत्र निवडणुकीच्या वेळी भरले जाते, मग पाच वर्षे शांतता.

शेजारच्या कर्नाटकात नगरसेवकाला पद मिळाल्यावर एका महिन्यात आणि पुढे दरवर्षी स्वतःच्या व कुटुंबाच्या मालमत्तेचे विवरण महापौरांकडे द्यावे लागते. बेळगावच्या मराठी नगरसेवकांनाही हा नियम लागू आहे. आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. तिथे 2011 च्या कायद्यानुसार स्थानिक कौन्सिलरचे आणि त्याच्या जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध एका नोंदवहीत लिहिले जातात आणि ती कौन्सिलच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिथल्या नमुना आचारसंहितेत 50 पौंड किंवा त्याहून अधिक किमतीची भेट 28 दिवसांत नोंदवायला सांगितले आहे. तिकडे राहणारा आपला भाचा घरबसल्या जे पाहू शकतो, त्यासाठी आपल्याला अपिलात जावे लागते.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकाला जकात गोळा करायला पाठवले. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले, एक बैतुलमालचा आणि एक आपल्याला भेट मिळालेला. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून सर्वांसमोर विचारले की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? हजरत उमर (रजि.) अंमलदार नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी लिहून घेत, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे.

आपांनी त्या ईदला एक साधी वही केली. कोणी काय आणले, त्याचे पालिकेत काम आहे का, ते परत केले की ठेवले, असे रकाने पाडले आणि वही कार्यालयाच्या टेबलावर ठेवली. नात्यातल्यांचे डबे आले. बाकीचे बहुतेक वही पाहूनच परत गेले.

आपल्या प्रभागातही हे करता येईल. महापालिका, नगरपरिषदांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहू देण्याचा शासननिर्णय 2018 मध्ये निघाला आहे. शपथपत्र आणि कामांची यादी मागून घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला आहे, त्यामुळे नकार येऊ शकतो. तसा नकार आला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(2) कडे बोट दाखवा. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते कलम सांगते. आणि आपल्या नगरसेवकाला अदबीने विचारा, अशी एक वही तुम्ही ठेवाल का?

गटाराचा उतार पालिकेने दुरुस्त करून दिला. यंदा पाणी घरात शिरले नाही. आपांच्या घरासमोरून जाताना आम्ही आता सलाम करायला थांबतो. पूर्वी नजर चुकवून निघून जात होतो.